डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि पिशव्या: क्रीम, लेसर, फिलर की शस्त्रक्रिया?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपले वय ४८ आहे. कॉलेजात असल्यापासून डोळ्यांखाली काळेपणा आहे आणि तो आपल्या आईलाही होता. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात फुगवट्याची भर पडली असून सकाळी तो जास्त जाणवतो. धुळीने शिंका येतात, डोळे खाजतात आणि चोळले जातात. केसांना आपण दर महिन्याला काळा रंग लावता. तीन ठिकाणी दाखवल्यावर एकाने फिलर, म्हणजे सुईने त्वचेखाली भरायचे जेल, सुचवले, दुसऱ्याने लेसरची सहा सत्रे आणि तिसऱ्याने शस्त्रक्रिया. मुलीचे लग्न पाच महिन्यांवर आले आहे आणि या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा आपला प्रश्न आहे.

तिघेही चुकीचे असतीलच असे नाही. बहुधा प्रत्येकाने आपल्या चेहऱ्यावरच्या वेगवेगळ्या गोष्टीकडे पाहून सल्ला दिला आहे. डोळ्यांखालचा काळेपणा हा एकच एक आजार नाही. त्वचेतला रंग, त्वचेखालून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, खोलगट जागेत पडणारी सावली, पुढे आलेली चरबी आणि साचलेले पाणी अशा पाच निरनिराळ्या कारणांनी तो दिसतो आणि आपल्या वयात यांतली दोन-तीन कारणे एकत्र असणे हाच नेम आहे. रंगावर चालणारा उपाय सावलीवर चालत नाही आणि चरबीवर चालणारा उपाय रंगाला स्पर्शही करत नाही. गेली अनेक वर्षे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करताना मी हेच पाहत आलो आहे की, या भागावर पैसे खर्च करून निराश झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत उपचार वाईट नव्हता, तो भलत्याच कारणावर केला गेला होता.

खालच्या पापणीची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होईल. पापणीची त्वचा ही शरीरातली सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. त्वचेला लागूनच डोळा मिटणारा गोलाकार स्नायू असतो आणि तो गडद लालसर, रक्ताने भरलेला असतो. त्यामागे एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्याने डोळ्याच्या खोबणीतली चरबी मागे धरून ठेवलेली असते. खालच्या पापणीत या चरबीचे तीन कप्पे असतात. वयानुसार, आणि काही घराण्यांत तर तिशीतच, हा पडदा सैलावतो, चरबी पुढे येते आणि पिशवी दिसू लागते. पिशवीच्या खालच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरपा उतरणारा एक चर असतो. त्याला आम्ही टिअर ट्रफ म्हणतो. तिथे त्वचा आणि स्नायू एका घट्ट बंधाने हाडाला जखडलेले असतात, त्यामुळे वर चरबी फुगते, खाली गाल ओसरतो आणि मधला चर मात्र तिथेच राहतो. वरून पडणाऱ्या प्रकाशात या चरात सावली पडते आणि आरशात आपल्याला ती काळे वर्तुळ म्हणून दिसते.

आता घरी करून पाहण्यासारख्या काही गोष्टी सांगतो. दिवसा खिडकीसमोर, चेहरा थेट उजेडाकडे करून, मेकअप पूर्ण काढून हातात आरसा धरा. एका बोटाने डोळ्याखालची त्वचा गालाच्या दिशेने हलकेच ताणा. तपकिरी काळेपणा त्वचेबरोबर सरकला आणि त्याची गडद छटा तशीच राहिली, तर तो त्वचेतला रंग आहे. छटा निळसर-जांभळी असेल, ताणल्यावर अधिक उठून दिसत असेल आणि बोट दाबून उचलल्यावर क्षणभर फिकी पडत असेल, तर ती खालच्या स्नायूची आणि रक्तवाहिन्यांची आहे. मग समोरून, चेहऱ्याच्या पातळीवर धरलेल्या टॉर्चचा प्रकाश पाडा (डोळे मिटून घ्या आणि बघायला घरातल्या कोणाला तरी सांगा). काळेपणाचा मोठा भाग त्या प्रकाशात नाहीसा झाला, तर ती सावली होती. शेवटी मान सरळ ठेवून फक्त नजर छताकडे न्या: फुगवटा वाढला तर ती चरबी आहे, कारण वर बघताना ती पुढे ढकलली जाते. पाण्याची सूज नजरेबरोबर बदलत नाही. ती सकाळी जास्त असते, दुपारपर्यंत उतरते आणि आदल्या रात्री पापड-लोणचे किंवा हॉटेलचे खारट जेवण झाले असेल तर हमखास वाढते. आणखी एक खूण म्हणजे फुगवटा पापणीची हद्द ओलांडून गालाच्या हाडावर उतरला असेल, तर तो गालावरचा वेगळ्या जातीचा फुगवटा असतो आणि त्याला पापणीची नेहमीची शस्त्रक्रिया किंवा फिलर लागू पडत नाही. दवाखान्यातही आम्ही मुळात याच चाचण्या करतो. जोडीला त्वचेचे भिंग, पापणीचा ताण किती उरला आहे हे पाहण्यासाठी ती चिमटीत धरून सोडण्याची चाचणी आणि डोळ्यांतला ओलावा मोजणारी कागदी पट्टी असते. ज्या ठिकाणी यांतले काहीच न करता पाच मिनिटांत पॅकेज सांगितले जाते, तिथून परत यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वर्णनावरून मला वाटते की आपल्यात तीन गोष्टी एकत्र आहेत. आईकडून आलेला त्वचेतला रंग ही पहिली. चोळण्याने आणि बहुधा केसांच्या रंगाने त्याला मिळत राहिलेले खतपाणी ही दुसरी. आणि गेल्या काही वर्षांत पुढे आलेली चरबी, तिच्याखालची सावली आणि थोडी पाण्याची सूज ही तिसरी. हा अंदाज आहे आणि तो प्रत्यक्ष तपासणीतच पक्का होईल.

सौंदर्योपचारांकडे वळण्याआधी काही वैद्यकीय कारणे बाजूला काढावी लागतील. आपल्याकडच्या स्त्रियांत रक्तक्षय इतका सर्रास आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना तो आढळला. रक्तक्षयाने त्वचा फिकी पडते आणि त्यामागचा काळेपणा अधिक उठून दिसतो. रजोनिवृत्तीच्या आसपास पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहिलेच पाहिजे. थायरॉइडच्या विकारात पापण्या सुजतात, आणि काही प्रकारांत डोळ्यामागची चरबी व स्नायू वाढून डोळेच पुढे येतात; अशा वेळी पिशवी काढण्याची घाई घातक ठरते. दोन्ही पापण्यांबरोबर पायांवरही सूज असेल तर लघवीची आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी. मानेवर आणि काखेतही मखमली काळेपणा असेल तर तो इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराचे लक्षण असू शकतो आणि तेव्हा डोळ्यांखालच्या क्रीमपेक्षा साखरेची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. काचबिंदूसाठी जे रुग्ण बिमॅटोप्रॉस्टसारखे थेंब घालतात, त्यांच्या पापण्या काळवंडतात आणि खोबण खोल दिसू लागते. हे थेंब स्वतःहून बंद करायचे नसतात, पण कारण ठाऊक असावे. झोपेबद्दल मात्र थोडे वेगळे बोलतो. अपुऱ्या झोपेने त्वचा निस्तेज होते आणि असलेला काळेपणा वाढल्यासारखा दिसतो हे खरे. पण विशीपासून असलेला, आईकडून आलेला काळेपणा आठ तास झोपल्याने जात नाही, आणि 'झोपत नाहीस म्हणून असे दिसते' हे ऐकून कंटाळलेल्या स्त्रियांना मी हे मुद्दाम सांगतो.

आपल्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला धागा केसांच्या रंगाचा आहे. काळ्या रंगांत बहुधा पॅराफिनिलीनडायअमिन, म्हणजेच पीपीडी, हे द्रव्य असते. 'हर्बल' किंवा 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांतही ते असते. त्याची अ‍ॅलर्जी डोक्यावर दिसण्याआधी पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि कपाळाच्या केसांच्या कडेला दिसते, कारण पापणीची त्वचा पातळ असल्याने ती सर्वांत आधी प्रतिक्रिया देते. दर महिन्याला रंग लावल्यानंतर दोन-तीन दिवस डोळ्यांभोवती खाज येते का, हे आठवून पाहा. येत असेल तर महिन्याला एकदा त्वचेचा सौम्य दाह होतो, तो उतरताना मागे रंग सोडून जातो आणि पुढच्या महिन्यात त्यावर आणखी एक थर चढतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घेता येते. त्यात संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तासांनी आणि नंतर पुन्हा एकदा पाहिली जातात. हे सुरू असताना कोणताही लेसर केला तरी तो वाहत्या नळाखाली फरशी पुसण्यासारखा आहे. शिंका आणि खाज यांवरही अ‍ॅलर्जीचे योग्य औषध घ्या, कारण रोज चोळली जाणारी त्वचा जाड आणि काळी होतच राहते.

क्रीमपासून सुरुवात करू. रंगासाठी उपयोगी ठरणारी द्रव्ये मोजकीच आहेत: अ‍ॅझेलाइक आम्ल, कोजिक आम्ल, अर्ब्युटिन, नायसिनमाइड, व्हिटॅमिन सी आणि अगदी कमी मात्रेतले रेटिनॉल. यांतले एखादे तीन महिने नियमितपणे वापरल्यावर फरक पडतो, पण तो अर्ध्या-पाऊण छटेचा असतो. जाहिरातीतल्या छायाचित्रासारखा नसतो. रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्रींपासून, हरभऱ्याच्या डाळीइतके, खोबणीच्या हाडावरून लावायचे. पापणीच्या केसांपर्यंत न्यायचे नाही. या सगळ्याहून अधिक काम सनस्क्रीन करते आणि तेच बहुतेक जण डोळ्यांखाली टाळतात. आपल्यासारख्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेला अतिनील किरणांबरोबर साधा दृश्य प्रकाशही काळवंडवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन निवडा. त्याने काळेपणा थोडा झाकलाही जातो, हा जोडीचा फायदा. कॅफीनचे जेल आणि थंड चमचे रक्तवाहिन्या आकसून सूज काही तासांसाठी उतरवतात; त्याहून अधिक त्यांच्याकडून अपेक्षू नये. काकडीच्या चकत्यांचेही काम तेवढेच, थंडाव्याचे. लिंबाचा रस मात्र डोळ्यांखाली कधीही लावू नका. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून आणखी काळी पडते.

एका क्रीमबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली 'गोरे करणारी' मलमे आपल्याकडे शेजारणीच्या शिफारशीवरून आणि औषधाच्या दुकानातून सर्रास आणली जातात. २०१८ पासून अशा स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आले, तरी सवय मोडलेली नाही. पहिल्या महिन्यात त्वचा उजळते, म्हणून विश्वास बसतो. नंतर पापणीची आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, तिच्यातून लाल-निळ्या शिरा दिसू लागतात, मलम बंद केले की दाह उसळतो, आणि ते महिनोन् महिने डोळ्याजवळ लावत राहिल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो किंवा मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. आपण गेल्या काही वर्षांत असे काही लावले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा आणि एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्या.

केमिकल पील, म्हणजे सौम्य आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलून काढणे, हा रंगासाठी पुढचा टप्पा. लॅक्टिक आम्ल किंवा सौम्य ग्लायकोलिक आम्ल, जास्तीत जास्त २० टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा वेळा वापरले जाते. नीट करणारी व्यक्ती रुग्णाचे डोके उंच ठेवते, डोळ्याच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली लावते, मिटलेल्या पापण्यांवर ओली गॉझ ठेवते आणि पाण्याने भरलेली सिरिंज हाताशी ठेवते, कारण थेंबभर द्रव आत गेला तर बुबुळ भाजते. रेटिनॉल आठवडाभर आधी बंद करावे लागते. त्वचा आधी दाहमुक्त असेल तर या पद्धतीवर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. खाज चालू असताना केलेल्या पीलने मात्र काळेपणा वाढलेला मी पाहिला आहे.

आपल्याला सुचवलेली लेसरची सहा सत्रे बहुधा क्यू-स्विच्ड एनडी-याग या १०६४ नॅनोमीटरच्या लेसरची असतील. कमी ऊर्जेवर, जपून वापरल्यास तो त्वचेतल्या रंगाचे कण फोडतो आणि काही जणांना स्पष्ट फायदा होतो. पण भारतीय त्वचेत त्याच लेसरच्या उष्णतेने उलट काळा डाग पडण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून कानामागे किंवा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ छोट्या जागेवर आधी चाचणी करून चार आठवडे थांबणे मला आवश्यक वाटते. खोबणीच्या हाडाच्या आत, म्हणजे प्रत्यक्ष पापणीवर लेसर करायचा असेल तर भूल देणारे थेंब घालून डोळ्याच्या आत धातूचे कवच बसवले पाहिजे. नुसता बाहेरचा गॉगल त्यासाठी पुरत नाही. हा प्रश्न सत्र ठरवण्याआधीच विचारा. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर हा बारीक सुरकुत्यांसाठी आहे. रंगासाठी तो आपल्या त्वचेवर वापरण्याच्या मी विरोधात आहे. आणि यांपैकी कोणताही लेसर पिशवीतली चरबी कमी करत नाही.

पीआरपी (स्वतःच्या रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) आणि कार्बन डायऑक्साइड वायूची इंजेक्शने यांनी त्वचेचा पोत थोडा सुधारतो आणि निळसर छटा काहींमध्ये किंचित कमी होते. परिणाम सौम्य आणि माणसागणिक बदलणारा असतो, तेव्हा मोठी रक्कम आगाऊ भरू नये. ग्लुटाथायोनची सलाइनमधून दिली जाणारी इंजेक्शने घेऊच नका. त्वचा उजळवण्यासाठी त्यांना आपल्या देशात मान्यता नाही आणि मूत्रपिंड-यकृताला त्यांपासून धोका संभवतो. डोळ्याच्या बाजूच्या सुरकुत्यांसाठी दिले जाणारे बोटॉक्स पिशवी असलेल्यांनी विचारपूर्वक घ्यावे, कारण त्याने गोलाकार स्नायू ढिला पडला तर पिशवी अधिक लोंबते.

आता फिलरबद्दल, कारण इथेच सर्वाधिक गल्लत होते. हायलुरोनिक आम्लाचे जेल चरात, स्नायूच्या खाली, हाडाला लागून भरले जाते आणि चर भरल्यामुळे सावली कमी होते. योग्य रुग्णामध्ये हा सुंदर उपचार आहे. योग्य रुग्ण म्हणजे ज्याची त्वचा बऱ्यापैकी जाड आणि घट्ट आहे, चर खोल आहे, पण वर पिशवी नाही किंवा नाममात्र आहे, आणि सकाळची सूज येत नाही. अशांना एका बाजूला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी जेल बहुधा पुरते आणि परिणाम साधारण वर्षभर, काहींत त्याहून बराच अधिक काळ टिकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या जागेसाठी फिलरला पहिली मान्यता २०२२ मध्ये दिली. त्याआधीची कित्येक वर्षे ते तिथे डॉक्टरांच्या स्वतःच्या निर्णयावरच वापरले जात होते. यावरून ही जागा किती नाजूक आहे ते लक्षात येईल.

आपल्याला मात्र पिशवी आहे आणि सकाळी सूजही येते. हायलुरोनिक आम्ल पाणी धरून ठेवते. त्यामुळे सुजणाऱ्या पापणीत ते भरले तर सूज वाढते आणि महिनोन् महिने राहते. पिशवी झाकण्यासाठी तिच्या खाली जेलचा दुसरा उंचवटा उभारला की डोळ्यांखालचा संपूर्ण भाग जड आणि फुगीर दिसू लागतो, आणि त्वचा पातळ असेल तर आतले जेल निळसर झाक देते. आधीच असलेल्या काळेपणात त्या निळ्या झाकेची भर पडलेले रुग्ण माझ्याकडे फिलर विरघळवून घ्यायला येतात. सर्वांत गंभीर धोका दुर्मीळ असला तरी सांगितलाच पाहिजे: जेल चुकून रक्तवाहिनीत गेले आणि उलट्या दिशेने डोळ्याच्या रोहिणीपर्यंत पोहोचले, तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून फिलर कुठेही घेतले तरी तिथे ते विरघळवणारे हायलुरोनिडेज त्याच खोलीत ठेवलेले आहे का, हे विचारा. विरघळवता न येणारे, कॅल्शियमयुक्त किंवा कायमस्वरूपी म्हणवणारे फिलर डोळ्यांखाली कोणीही सुचवले तरी नकार द्या. स्वतःच्याच मांडीची किंवा पोटाची चरबी चरात भरण्याची पद्धतही आहे. अनुभवी हातात ती चांगली ठरते, पण गाठ राहिली तर ती काढणे अवघड जाते.

चरबीची पिशवी खरोखर दूर करणारा उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. खालच्या पापणीच्या या शस्त्रक्रियेचे, म्हणजे ब्लेफरोप्लास्टीचे, दोन मुख्य मार्ग आहेत. त्वचा फारशी सैल नसेल तर पापणी उलटवून आतल्या गुलाबी आवरणातून छेद घेतला जातो, त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. त्वचा बरीच लोंबत असेल तर पापणीच्या केसांच्या अगदी खालून छेद घेऊन थोडी त्वचाही काढली जाते. आपल्या वयात पहिला मार्ग, आणि गरज भासल्यास त्याच वेळी चिमटीत येईल तेवढीच दोन-तीन मिलिमीटर त्वचा काढणे, हे बहुधा पुरेसे होते. जागेवर भूल आणि शिरेतून गुंगीचे औषध देऊन तास-दीड तासात शस्त्रक्रिया होते. आतल्या आणि मधल्या कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो. त्याला धक्का लागल्यास दोन-दोन दिसू शकते, म्हणून ही शस्त्रक्रिया या जागेची रोजची ओळख असलेल्यानेच करावी.

चरबी किती काढायची, याबद्दल माझे मत ठाम आहे. पूर्वी ती भरभरून काढली जाई आणि पाच-दहा वर्षांनी डोळे खोल गेलेले, ओढलेले दिसू लागत. आता शक्य तिथे आतल्या आणि मधल्या कप्प्यातली चरबी काढून न टाकता हाडाच्या कडेवरून खाली वळवून चरात बसवली जाते. म्हणजे पिशवी सपाट होते आणि त्याच चरबीने चरही भरतो. आपल्यासारख्या, वर फुगवटा आणि खाली चर अशा दोन्ही गोष्टी असलेल्या चेहऱ्याला ही पद्धत सर्वांत साजते. सल्लामसलतीत 'चरबी काढणार की वळवणार, आणि का?' हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर देणाऱ्याने आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवून ते समजावले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस थंड शेक, उशा उंच करून झोपणे, आठवडाभर वाकून काम न करणे आणि जड वजन न उचलणे एवढे पथ्य असते. काळे-निळेपणा दहा ते चौदा दिवसांत ओसरतो, उरलेली सूज हळूहळू जाते आणि अंतिम रूप तीन ते सहा महिन्यांत दिसते. तात्पुरता कोरडेपणा, डोळ्यांतून पाणी येणे, पापणीची कड थोडी खाली ओढली जाणे हे ज्ञात त्रास आहेत. पापणीचा ताण आधीच कमी असेल तर ती बाहेरच्या कोपऱ्याशी बांधून घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्तस्राव होणे अत्यंत विरळ, साधारण दोन हजारांत एखाद्याला घडणारे आहे, पण त्यात दृष्टी पणाला लागते. पहिल्या दिवसात एका डोळ्यात असह्य वेदना, डोळा टणक होऊन पुढे येणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्या क्षणी रुग्णालय गाठायचे असते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे, तसेच माशाचे तेल, व्हिटॅमिन ई आणि हळदीच्या कॅप्सूल यांची यादी आधीच द्या. हृदयाची औषधे आपल्या फिजिशियनला विचारल्याशिवाय थांबवू नका. रक्तदाब आटोक्यात असलाच पाहिजे. ही सौंदर्यशस्त्रक्रिया असल्याने आरोग्य विम्यात तिचा खर्च मिळत नाही, हेही आधीच धरून चला. आणि पुन्हा सांगतो, शस्त्रक्रियेने पिशवी जाते आणि सावली बरीच कमी होते. त्वचेतला तपकिरी रंग तसाच राहतो.

उपचार कोणाकडून घ्यावा? रंगासाठी त्वचारोगतज्ज्ञ; पिशवीसाठी पापण्यांच्या शस्त्रक्रियेत प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असावे आणि सुई हातात घेणारी व्यक्ती तीच असावी. ब्यूटी पार्लरमध्ये डोळ्यांखाली कोणतीही सुई टोचून घेऊ नये.

आपल्या पाच महिन्यांचा हिशेब मी असा मांडेन. या आठवड्यात पीपीडी असलेला केसांचा रंग थांबवा, अ‍ॅलर्जीचे औषध सुरू करा, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि साखर तपासा, आणि वर सांगितलेले सनस्क्रीन रोज लावा. तीन-चार आठवड्यांत खाज थांबली की अ‍ॅझेलाइक आम्लासारखे सौम्य क्रीम सुरू करता येईल. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत व्हावी, म्हणजे लग्नाआधी तीन महिने हाताशी राहतात. ही मुदत टळली तर ती लग्नानंतरच करा, कारण उरलेली सूज घेऊन मांडवात उभे राहणे कोणालाच नको असते. पील घ्यायचे असतील तर शस्त्रक्रियेनंतर किमान दोन महिने थांबून, आणि शेवटचे पील लग्नाच्या तीन आठवडे आधी संपवून. लेसर या पाच महिन्यांत मी सुचवणार नाही: चाचणीपट्टा, थांबणे आणि सत्रे यांना हा वेळ अपुरा आहे आणि त्यातून डाग पडलाच तर तो उतरायला काही महिने लागतात. फिलर आपल्यासाठी नाही. शस्त्रक्रिया नकोच असे ठरले, तरी खाज थांबवणे, सनस्क्रीन, रात्रीच्या जेवणात मीठ कमी, एक उशी जास्त आणि लग्नाच्या दिवशी केशरी छटेचा करेक्टर खाली लावून त्यावर कन्सीलर, एवढ्यानेही छायाचित्रांत ठळक फरक दिसेल. हा मेकअप पंधरा दिवस आधी एकदा लावून पाहा. मेंदी काढणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा की आपल्या हातावर साध्या पानांचीच मेंदी हवी. पटकन गडद रंगणाऱ्या काळ्या मेंदीत बहुधा तेच पीपीडी असते, आणि त्याची अ‍ॅलर्जी असेल तर ऐन लग्नाच्या आठवड्यात पापण्या सुजतील.